वाळलेले पाव

तिनं जाडजूड शब्दकोश बाबांच्या ताटाशेजारी आपटला, तसा पेला हिंदकळला.

"हळू गं, टेबल मोडशील," आई म्हणाली. ती बाबांचा कंपनीतून परत आलेला डबा उघडत होती.

"बाबा, उद्या वर्गात मला एका शब्दाची जन्मकथा सांगायचीय. ओळखा कुठला. तुम्ही दिवसातून पन्नास वेळा म्हणता."

"दमलो."

"चूक. कंपनी." स्वतःचं ताट घेऊन ती त्यांच्या समोर बसली. बाबा आल्याशिवाय ती जेवत नसे. "लॅटिनमध्ये 'कोम' म्हणजे सोबत, 'पानिस' म्हणजे पाव. एकत्र बसून पाव खाणारे, ती कंपनी. आपला पावसुद्धा त्याच घराण्यातला. यंत्रं, साहेब, गेट हे सगळं मागाहून आलं. आधी तुम्ही आणि वेल्डरकाका."

एकोणीस वर्षं ते दोघं एकाच बाकावर जेवत. काकांसाठी आई डब्यात रोज दोन पाव जास्तीचे घाली. काकांची मुलगी शाळेत हिच्या शेजारीच बसे.

"तिला काही बोलले नाहीये मी. उद्या तिचं तोंड बघण्यासारखं होईल."

"दुसरा शब्द घे," बाबा म्हणाले.

"आता? पाठ झालंय माझं."

"खुर्ची घे, टेबल घे. डोकं खाऊ नकोस."

आईनं डबा पुढे सरकवला. दोन पाव तसेच होते, कडांना वाळलेले.

"भावजी आले नव्हते?"

"आला होता. दुसऱ्या बाकावर बसला."

"भांडलात की काय?"

बाबांनी पेला उचलला आणि न पिताच खाली ठेवला. "सहा जणांना कमी करायचं होतं. साहेबांनी यादी माझ्याकडून मागितली."

"आणि तुम्ही दिलीत."

"नसती दिली, तर त्यात मी असतो."

"भावजींना कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? आज यादी फळ्यावर लागली. माझं अक्षर ओळखतो तो."

तिनं घास तसाच हातात धरला होता. "काकांचं नाव कितवं होतं?"

बाबांनी डब्यातला एक पाव उचलून ताटात ठेवला.

"पहिलं," ते म्हणाले. "आधी तेच लिहून टाकलं. मग बाकीची लिहिता आली."

तिनं शब्दकोश मिटला. खूण घालायची राहिली. ताट उचलून ती स्वयंपाकघरात गेली आणि ओट्याला पाठ लावून जमिनीवर बसली. थोड्या वेळानं आईही आपलं ताट घेऊन तिच्याजवळ येऊन टेकली.

बाहेर बाबा वाळलेला पाव पाण्यात बुडवून खात होते. समोरची खुर्ची तिरकीच राहिली होती.