शेगडीच्या वरची वायर

बायको गेल्यावर दहा महिने मी स्वयंपाकघराचं दार ओढूनच ठेवलं होतं. चहा नाक्यावर, जेवण खानावळीत.

दिपालीचं, माझ्या मुलीचं, पहिलं बाळंतपण आलं. आमच्यात ते माहेरी करतात. पण तिच्या सासूचा निरोप आला, तुमच्या घरात बाई नाही, तिला इथेच राहू दे. मला ती यायला हवी होती. घरात कोणाचा तरी आवाज हवा होता.

थोरली बहीण आक्का म्हणाली, मी येऊन राहते. काल्हेरहून ती आधी घर बघायला आली. स्वयंपाकघरात बटण दाबलं, तर बल्ब लुकलुकायला लागला.

"लडकू, जगाच्या वायरी बदलतोस, घरची न्हाय?"

सव्वीस वर्षं मी भिवंडीतल्या कापडाच्या लूमवर वायरमन आहे.

"चालतंय," मी म्हणालो.

"त्या पोरीला याच्या खाली उभी करनार हाईस? मी तर न्हाय राहनार उभी."

ती बाहेर ओट्यावर जाऊन बसली.

मी मेन स्विच बंद केला आणि स्टुलावर चढलो. शेगडीच्या वरून बल्बकडे गेलेली वायर जराशी वाकवली, तर वरचं प्लॅस्टिक तुकडे होऊन हातात आलं. तांबं उघडं पडलं. प्लॅस्टिकमध्ये मऊपणासाठी तेलासारखं काहीतरी असतं. उष्णतेने ते हळूहळू उडून जातं. पत्र्यावरून गेलेल्या वायरीचं ऊन असंच वाटोळं करतं. हे मी कितीतरी शेठ लोकांना समजावलंय.

या शेगडीवर बायको पहाटे चारपासून गोदामातल्या कामगारांच्या डब्यांसाठी भाकऱ्या भाजायची. "अहो, ही वायर एकदा बघा ना," म्हणायची. मी खालूनच बघून म्हणायचो, चालतंय.

बाहेरच्या खोलीतली वायर त्याच बंडलातली, त्याच दिवशी टाकलेली. ती बोटाला गुंडाळली तरी तडकली नाही.

शॉक बायकोला कधी लागला नाही. ती काविळीने गेली. तरी मी स्टुलावरून उतरून मेन स्विच बंद आहे ना, ते पुन्हा बघून आलो.

संध्याकाळपर्यंत नवीन वायर टाकली, शेगडीपासून लांब, दाराच्या बाजूने. आक्काने तिथेच चहा ठेवला. मी दिपालीच्या सासूला फोन लावला.

"वायर बदलली," मी म्हणालो.

"कसली वायर, व्याही?"

"स्वयंपाकघरातली. पोरीला पाठवा."



"आणि करनार कोन तिचं?"

"आक्का हाय. आलीय ती."

"मग रविवारी आनून सोडतो आम्ही."

फोन ठेवला. काय म्हणाली, असं आक्काने दोनदा विचारलं. मी स्वयंपाकघराचं बटण दाबलं आणि म्हणालो, पोरगी रविवारी येतेय.