उणे तीन मावशी

"उणे तीन?" चिटणीस पडद्याकडे बघत म्हणाले. "म्हणजे आधी तीन मावश्या कुठून तरी शोधून आणायच्या आणि मग त्यांना हाकलायचं की काय?"

बैठकीत हशा पिकला. मेट्रनबाईंना तर हसता हसता ठसका लागला. हिशेबनीस मात्र कानकोंडे झाले, कारण चूक अगदीच बाळबोध होती.

रुग्णालय देणग्यांवर चालायचं आणि यंदा देणग्या आटल्या होत्या. कात्री कुठे लावायची यावर दरवर्षी भांडणं व्हायची, म्हणून हिशेबनिसांनी या वयात लिनियर प्रोग्रामिंग शिकून घेतलं. त्यात जादू काही नाही. कुठल्या कामाला किती गुण आणि त्याला खर्च किती, ते लिहायचं. मग अटी घालायच्या: एकूण पैसे एवढेच, या जागेवर जास्तीत जास्त माणसं इतकीच. आणि संगणकाला विचारायचं, एवढ्यात जास्तीत जास्त गुण कसे पडतील ते सांग. संगणक बिचारा सांगितलं तेवढंच ऐकतो. माणसांची संख्या शून्याखाली जात नाही, ही अट हिशेबनीस लिहायला विसरले. झालं! त्यानं बसणाऱ्या मावशींना उणे तीन केलं, त्यांचे तीन पगार जमेला धरले आणि बाकीच्या सगळ्या जागा त्यातून खुशाल भरून टाकल्या.

हिशेबनिसांनी राहिलेली अट तिथल्या तिथे घातली. एक रखवालदार कमी झाला आणि मावशींपुढे उणे तीनच्या जागी शून्य आलं.

"हां, आता कसं!" चिटणीस म्हणाले. "सोमवारी सह्या करून टाकू."

या वेळी कोणी हसलं नाही. चहा आला.

बसणाऱ्या मावशी म्हणजे ज्या रुग्णाचं कोणी नाही, त्याच्याजवळ बसणाऱ्या. रुग्णालयात अशा एकच मावशी होत्या आणि एवढंच त्यांचं काम. पगार बेताचाच, पण त्यावर त्या स्वतःचं आणि नातीच्या शाळेचं भागवत होत्या. त्यांच्या कामाला गुण किती द्यावेत हे हिशेबनिसांना सुचेना, तेव्हा ते स्वतः वॉर्डात जाऊन विचारून आले होते.

"मावशी, तुम्ही दिवसभर नेमकं काय करता?"

"बसते."

"ते झालंच हो. पण औषध देणं, अंग पुसणं, असं काही?"

"ते सिस्टर करतात की. मी नाही मध्ये लुडबुड करत." मावशींनी थोडा विचार केला. "कोणी हात धरला तर धरू देते. कोणी शिव्या घातल्या तर ऐकून घेते. मागे एक आजोबा मला त्यांची बहीण समजायचे. मग मीही भांडायचे त्यांच्याशी, बहिणीसारखी."

"मग गुण किती लिहू?"

"शून्य लिहा, भाऊ. उगाच खोटं कशाला?"

आणि या शहाण्या माणसानं खरंच शून्य लिहिलं.

चहानंतर हिशेबनिसांनी आणखी एक अट घालून बघितली: बसणाऱ्या मावशी, किमान एक. संगणकानं लगेच एक नर्स कमी केली.

"नर्स काढून बसायला बाई ठेवली, तर लोक आपल्याला जोड्यानं मारतील," चिटणीस म्हणाले.

मेट्रनबाई आता हसत नव्हत्या. "मावशी गेल्या तर माझ्या वॉर्डाचे हाल होतील, हे लिहून घ्या. पण नर्स मी सोडायची नाही."

दोघांचंही खरं होतं. हिशेबनीस कागद गोळा करून आपल्या खोलीत आले. शून्य आपणच लिहिलं, याचं त्यांना फार वाईट वाटत होतं.

उत्तराबरोबर संगणक आणखी एक रकाना देतो. कुठली अट किती महाग पडते, ते त्यात असतं. इतके दिवस हिशेबनिसांनी तो नुसता छापून जोडला होता, वाचला नव्हता. सगळ्यांत महाग अट त्यांच्याच विभागाची निघाली: हिशेब विभाग, किमान दोन. ते स्वतः आणि हाताखालची धाकटी कारकून; एकानं बेरीज करायची, दुसऱ्यानं तपासायची. त्यांना ती इतकी उघड वाटली होती की कोणाला न विचारताच त्यांनी ती लिहून टाकली होती. गुणांच्या रकान्यात हिशेबनीसही शून्यच होते. फक्त मावशींसाठी अशी अट लिहिणारं कोणी नव्हतं.

त्यांनी दोनचा एक केला. नर्स परत आली, रखवालदारही आला, मावशी राहिल्या आणि वर चार पैसे उरले.

"मग त्या धाकट्या कारकून पोरीला काढा!" घरी बायको कडाडली. "तुम्हीच कशाला?"

"तिच्या पगारात नाही जुळत. माझ्या पगारात जुळतं."

"म्हणजे हरिश्चंद्र तुम्हीच! निवृत्तीला अजून अवकाश आहे. छपराचं काम राहिलंय. आणि तुमच्या त्या अटींमध्ये मी कुठे आहे हो? मला विचारलंत?"

"आता विचारतोय. नको म्हण, कागद फाडतो."

बायकोनं कणीक मळायला घेतली. बराच वेळ ती कणीक बडवत होती. मग मान वर न करता म्हणाली, "छप्पर पुढच्या वर्षी बघू. घरी बसा. पण माझ्या स्वयंपाकघरात लुडबुड करायची नाही, सांगून ठेवते."

सोमवारी सह्या झाल्या. चिटणिसांनी दोनदा "पुन्हा विचार करा" म्हटलं, तिसऱ्यांदा म्हटलं नाही.

शेवटच्या दिवशी समारंभ नको, असं हिशेबनिसांनी आधीच सांगितलं होतं. किल्ल्या त्यांनी धाकट्या कारकून मुलीच्या हातात दिल्या. तिनं वाकून नमस्कार केला. "बेरीज दोनदा करत जा," एवढंच ते म्हणाले.

मग ते वॉर्डात गेले. आपली जागा राहिली एवढंच मावशींना कळलं होतं. कशी राहिली, ते कोणी सांगितलं नव्हतं. हिशेबनीसही ते सांगायला आले नव्हते. नुसता निरोप घ्यावा, दोन शब्द बोलावेत, असं त्यांच्या मनात होतं.

कोपऱ्यातल्या पलंगावर एक म्हातारी झोपली होती. तिनं दोन्ही हातांनी मावशींचा हात घट्ट धरला होता. हिशेबनीस तोंड उघडणार, तोच मावशींनी मोकळ्या हाताचं बोट ओठांवर ठेवलं.

"आत्ताच डोळा लागलाय," त्या कुजबुजल्या. "उद्या बोलू, भाऊ."

हिशेबनिसांनी मान डोलावली. ते चपला हातात घेऊन बाहेर आले आणि करकरू नये म्हणून दार त्यांनी हळूच ओढून घेतलं.