टेस्टरची जागा

"कायदा काय माझ्या बापानं केलाय व्हय?" मालक आण्णा खुर्चीतनं अर्धे उठलेच. "सातच्या पुढं बाईमाणूस कारखान्यात दिसलं, की इन्स्पेक्टर माझ्यावर खटला घालतोय! आन् टेस्टरला आठवड्याआड दुसरी पाळी हाय. मी काय करू, सांग!"

"मला पयल्या पाळीलाच ठेवा की," हाफिजा म्हणाली.

"आन् दुसऱ्या पाळीला कायमचा कोण मरंल?"

झालं. विषय संपला. जागा जोतीरामला गेली.

शिरोलीच्या त्या रेडिओच्या कारखान्यात हाफिजाला नऊ वर्षं झाली होती. मुका रेडिओ तिच्यापुढं ठेवावा आणि चहा गार व्हायच्या आत तिनं दोष काढावा, अशी बाई! रेडिओ तपासणाऱ्या टेस्टरच्या परीक्षेत ती पहिली आली होती आणि जोतीराम तिसरा. जागा गेली त्या दिवशी तिनं घरी मोरीतला नळ मोठा सोडला आणि पोटभर रडून घेतलं.

जेवणाच्या सुट्टीत जोतीराम तिच्यापुढं येऊन उभा राहिला. "भाभी, तुमची जागा मी खाल्ली."

"तू कशाला खातोस? बस. भाकरी खा."

पण घास काही त्याच्या तोंडात जाईना. शेवटी त्यानं सांगून टाकलं. "मला तांबडा आन् हिरवा येगळा दिसत न्हाय. परीक्षेत शेजारच्या बाळाबाईला इचारून केलं."

रेडिओतल्या बारक्या पार्टांवर आकडे नसतात, रंगीत पट्ट्या असतात. तांबडी म्हणजे दोन, हिरवी म्हणजे पाच. ते ज्याला दिसत नाही तो टेस्टर! आणि जिला दिसतं ती बाई! हाफिजा तरातरा निघाली. आण्णांच्या केबिनच्या जिन्याच्या तीन पायऱ्या चढली आणि थांबली. सांगून आपल्याला काय मिळणार होतं? याचं मात्र घर बसलं असतं.

ती खाली आली. "कुणाला बोलू नगंस," एवढंच म्हणाली.

त्या दिवसापासून रोज घरी जायच्या आधी ती पार्ट निवडून डब्या भरायची आणि प्रत्येक डबीवर ठळक आकडा लिहायची. जोतीराम आकडा बघून काम करायचा. आठ महिने असे बिनबोभाट गेले. मग ईदेला ती चार दिवस गारगोटीला माहेरी गेली, आणि नेमका तेव्हाच पार्टांचा नवा माल आला.

ती परतली आणि पंधरा दिवसांत दुकानदारांकडून तीस रेडिओ मुके पडून माघारी आले. आण्णा सगळ्यांसमोर पार्ट जोडणाऱ्या बायकांवर कडाडले, "गप्पा हाणायला येता व्हय हितं? काय बी लावून ठेवताय!"

बायका माना खाली घालून उभ्या होत्या. जोतीरामला ते बघवेना.

"आण्णा, बायकास्नी बोलू नगा. चूक माझी हाय. मला रंग कळत न्हाईत. आठ म्हयनं माझं काम भाभी बघत्यात."

हाफिजा पुढं सरकली. आता तरी, या अल्ला, आता तरी!

आण्णा तिच्याकडे वळले. "म्हंजे आठ म्हयनं टेस्टर तू हुतीस?"

"व्हय."

"कमाल हाय बाई तुझी!" असं म्हणून ते वर निघून गेले.

जोतीरामला पॅकिंगला टाकलं. सोमवारी हातकणंगल्याचा केरबा नावाचा माणूस नवा टेस्टर म्हणून आला. आण्णा स्वतः त्याला घेऊन हाफिजाकडे आले. तिच्याकडे बघायचं टाळत म्हणाले, "ह्येंला चार दिवस काम दाखीव. आन् तुझं टेबल दे. रंग बघायला खिडकीजवळचंच पायजे."

हाफिजानं खण रिकामा केला. डबा, कात्री, कंगवा पिशवीत टाकला. इतकी वर्षं त्या टेबलाला तिच्याशिवाय कुणाचा हात लागला नव्हता. तिनं ते पदरानं पुसलं आणि बाजूला झाली.

"बसा पावणं," ती म्हणाली. "उजेड चांगला हाय हितं."