पाठीवर फुलं, तोंडाला भिंत

मी एक जुनी कढई आहे, मित्रांनो. बिडाची, सपाट बुडाची, एका लांब दांड्याची. माझ्या दांड्याच्या टोकाला एक भोक आहे, आणि त्या मेल्या भोकानंच माझा घात केला. पण ते पुढं. आधी जन्म.

माझा जन्म ओहायोतल्या एका ओतकामाच्या कारखान्यात झाला. वाळूच्या साच्यात मला ओतलं तेव्हा मी एवढी तापले होते, की सूर्य घाबरून ढगाआड गेला आणि दुपारभर बाहेरच आला नाही. खोटं वाटतं? तिथं हजर कोण होतं, तुम्ही की मी? आणि वजन तर असं, की मला घेऊन आगगाडी मिनेसोटात आली तेव्हा रूळ कमरेत वाकले. ते आजही वाकलेले आहेत. लोक त्याला वळण म्हणतात.

आर्लिस हेगडाल नावाच्या मुलीच्या लग्नात तिच्या आत्यानं मला आहेरात दिलं. आर्लिस अंगानं काडी, पण मनगट पैलवानाचं. एका हातानं मला उचलायची आणि दुसऱ्या हातानं दार उघडून नवऱ्याला हाक मारायची. नवरा व्हर्लिन गावच्या धान्याच्या कोठारात कामाला. उंच, सडपातळ आणि इतका अबोल, की त्याचं लग्न ठरलंय हे त्याच्या आईला म्हणे चर्चमध्ये कळलं.

माझ्यात सगळं शिजायचं, पण माझं नाव झालं ते बुधवारी. बुधवारी संध्याकाळी गावातल्या पोरांना चर्चच्या वर्गाला जायचं असतं, म्हणून बुधवारचं जेवण झटपट लागतं. आर्लिस माझ्यात बीफचा खिमा टाकायची. त्याचं पाणी आटून तो तांबूस झाला की कांदा, ढोबळी मिरची, मग केचप, मोहरीची चटणी, थोडी ब्राऊन साखर, व्हिनेगरचा एक शिंतोडा. रटरट शिजलं की मऊ गोल पावात भरून ताटात. बाहेर त्याला स्लॉपी जो म्हणतात. आमच्या घरात त्याला 'राडा' म्हणत, कारण खाताना थोडा तोंडात जायचा आणि बाकीचा शर्टावर.

सगळ्यांची ताटं वाढून झाली की माझ्या बुडाला खरवड उरायची. काळपट, गोडसर, चिकट. ती व्हर्लिनची. पावाचा वरचा अर्धा भाग हातात घेऊन तो माझ्यावर असा फिरवायचा, की मला गुदगुल्या व्हायच्या.

"कसं झालंय?" आर्लिस विचारायची.

"वाईट नाही," व्हर्लिन म्हणायचा.

आता तुम्ही म्हणाल, हे काय कौतुक झालं? मित्रांनो, आमच्या भागात याच्या वर कौतुक नाही. इथली माणसं मनातलं तोंडावर येऊ देत नाहीत. एखादी गोष्ट फार आवडली तर "वाईट नाही". अजिबात आवडली नाही तर "वेगळंच आहे हो". आणि काही हवं असेल तर हवं म्हणायचंच नाही. कॉफी विचारली तर नको, पुन्हा विचारली तर कशाला त्रास, तिसऱ्यांदा विचारली तर बरं, अर्धा कप. तिसऱ्यांदा विचारायचं विसरलं, तर माणूस तहानलेलाच घरी जातो आणि आभार मानून जातो.

अशी किती वर्षं गेली देव जाणे. मग आर्लिसची मनगटं संधिवातानं धरली. मला उचलताना तिच्या डोळ्यांत पाणी यायचं. तरी ती मला दोन्ही हातांनी ओढत चुलीवर न्यायची.

तिची लेक लव्हॉन तिथून जवळच राहायची. लेक गुणी, मायाळू, उत्साही. त्या काळात गावातल्या बायांना पूर्वजांच्या नॉर्वेतल्या जुन्या वेलबुट्टीचं वेड लागलेलं. दिसेल त्याच्यावर फुलं रंगवायच्या. पेट्या, खुर्च्या, दुधाचे कॅन. एकीनं नवऱ्याची टोपी रंगवली. नवरा झोपला होता म्हणून वाचला, नाहीतर त्याच्या टकलावरही वेल चढली असती.

एक दिवस लव्हॉन म्हणाली, "आई, पुरे झालं तुझं हे वजन उचलणं. कढईला आता मानानं निवृत्त करू या. मी तिचं काहीतरी छान करते."

आणि तिनं माझं छान केलं! माझ्या पाठीवर निळा रंग, त्यावर लाल फुलं, पिवळ्या कळ्या, वळणावळणाच्या वेली. काउंटीच्या जत्रेत मला पहिलं बक्षीस मिळालं. लोक म्हणाले, काय सुंदर! शेजारच्या मांडवातल्या डुकरालाही पहिलं बक्षीस मिळालं होतं, पण त्याला निदान खायला तरी मिळत होतं.

मग लव्हॉननं आपल्या स्वयंपाकघरात खिळा ठोकला आणि त्या भोकातून मला टांगलं. फुलं पाठीवर, म्हणून पाठ बाहेर. आणि तोंड? तोंड भिंतीला! शाळेत खोड्या केल्यावर उभं करतात ना, तसं. पण ते पोर तासाभरानं सुटतं. मी वर्षानुवर्षं तशीच.

भिंतीच्या कागदावर बदकं छापलेली होती, गळ्यात निळी फीत बांधलेली. त्यातलं एक बरोबर माझ्या नाकासमोर. पहिल्या वर्षी मी त्याच्याशी बोलले, दुसऱ्या वर्षी भांडले, तिसऱ्या वर्षी माफी मागितली. ते ढिम्म. जगात दुसरं काही दिसेचना. मागं चूल पेटायची, भांडी वाजायची, माणसं हसायची, आणि मी बदकाकडं बघत. वास मात्र यायचे, आणि ती शिक्षा जास्त मोठी. बुधवार आला की खिम्याचा वास यायचा, पण तो एका पातळ, गुळगुळीत, ज्याला काहीच चिकटत नाही अशा पॅनमध्ये शिजायचा. खरवड नाही, करपट नाही, काही नाही. माझ्या पोटावर धूळ, धुळीखाली गंजाचा एक ठिपका. तो वाढताना मला कळत होता.

मग आर्लिस गेली. मला कसं कळलं? घरात फार लोक आले, फार कॉफी उकळली आणि कोणी मोठ्यानं बोललं नाही. मला वळून बघताही आलं नाही.

व्हर्लिन लेकीकडं राहायला आला. त्याची खुर्ची माझ्या बरोब्बर समोर. माझ्या पाठीला त्याचा श्वास कळायचा, पण त्याला माझी पाठच दिसायची.

तो जेवेनासा झाला. नाही म्हणायचा नाही, भांडायचा नाही. दोन घास खाऊन पाव ताटात फिरवत बसायचा.

"बाबा, आणखी वाढू?"

"नको ग."

"थोडासा?"

"कशाला उगाच."

"बाबा, वाढतेच मी!"

"बरं, वाढ." आणि वाढलेलं तसंच राहायचं.

लव्हॉनची मुलगी किर्स्टी, अकरा वर्षांची आणि जिभेला हाड नसलेली. ती म्हणायची, "आजोबा, तुम्ही आता बाजूनं उभे राहिलात तर दिसतच नाही."

"मग पावसात भिजणार नाही मी," व्हर्लिन म्हणायचा.

पण हसण्यावारी नेण्याची गोष्ट राहिली नव्हती. एका संध्याकाळी लव्हॉन नवऱ्याशी फोनवर बोलत होती. तो दुधाचा टँकर चालवायचा, अर्धा आठवडा बाहेरच. ती हळू बोलत होती, पण भिंतीजवळ उभी होती, आणि भिंतीवर मी होते. "डॉक्टर म्हणाले, वजन आणखी उतरलं तर घरी ठेवता येणार नाही. शहरातल्या वृद्धनिवासात न्यावं लागेल. तिथं खोली मोकळी आहे म्हणे... हो, त्यांना कळलंय. म्हणाले, तू म्हणशील तसं... अरे, मी काय करू? सगळं करून बघितलं! अगदी आईच्या पद्धतीनं करते!"

पद्धत आईची ग बाई, पण कढई कुठाय? मी ओरडले. बिडाचा आवाज किती लांब जातो? बदकापर्यंत. त्यालाही फरक पडला नाही.

खोली म्हणजे काय ते मला विचारा. स्वच्छ भिंत, चांगला खिळा, आणि येणारेजाणारे म्हणतात, वा, किती छान ठेवलंय!

पुढचा बुधवार उजाडला. कोठारापाशी मालगाडी आली की आमचं स्वयंपाकघर थरथरतं. त्या दिवशी गाडी लांबलचक होती, डबे इतके की इंजिन कॅनडात पोचलं तरी शेपूट आमच्याकडंच. खिळा सैल झालेला. लोक म्हणतात, मी पडले. पडले कसली! मी उडी मारली, मित्रांनो. बेडूक मारतो तशी.

आणि उतरले कुठं? चुलीवर, थेट त्या गुळगुळीत पॅनच्या दांड्यावर! दांडा कटकन मोडला, आतला कांदा छताला चिकटला, मी घरंगळून जमिनीवर पालथी पडले, आणि लव्हॉन किंचाळली, "देवा रे! पॅन गेलं! कोणाला लागलं नाही ना? बाबा?"

"मला कशाला लागतंय."

"आई, भूक लागलीये, आणि वर्गाला उशीर होतोय," किर्स्टी म्हणाली. "आणि तुझ्या केसांत कांदा आहे."

"गप. डब्यातलं सूप गरम करते. बाबा, सूप चालेल?"

"चालेल की."

तो वाकला. त्याच्या गुडघ्यांचा आवाज मला ओळखू आला. त्यानं मला उचललं आणि उलटं केलं. इतक्या वर्षांनी मला माणसाचा चेहरा दिसला, मित्रांनो. किती वाळला होता! बदकाला बघून बघून माझे डोळे अधू झाले असतील म्हटलं, पण नाही, खरंच तेवढा वाळला होता. त्यानं माझ्या पोटावरची धूळ अंगठ्यानं पुसली. गंजाच्या ठिपक्यावर अंगठा थांबला.

"द्या इकडं, बाबा," लव्हॉन म्हणाली. "एका फुलाचा टवका उडालाय, मी नंतर रंगवीन. आत्ता टांगून टाकते, पायात नको."

"बरं," तो म्हणाला आणि मला देऊन टाकलं.

देऊन टाकलं! लव्हॉननं मला ओट्यावर ठेवून हातोडी आणली. खिळा जरा वरच्या जागी धरला. पहिला ठोका पडला. मला वरचं एक नवं बदक दिसायला लागलं, आणि मी मनाशी म्हटलं, संपलं.

"लव्हॉन," व्हर्लिन म्हणाला. "नको टांगू."

हातोडी थांबली. "मग कुठं ठेवू?"

"चुलीवर. मला... मला तिच्यातला राडा हवाय."

मित्रांनो, हवाय! त्या घरात तो शब्द कोणी ऐकला नव्हता. किर्स्टीचं तोंड उघडं राहिलं. लव्हॉन खिळा हातात धरून उभी.

"बाबा, रंग जळेल ना. घरभर धूर होईल."

"हो. खरवडावा लागेल."

"पण बक्षीस मिळालंय तिला. आईला किती आवडलं होतं!"

व्हर्लिननं खुर्चीची पाठ घट्ट धरली. "तू दाखवायला आणलीस तेव्हा ती काय म्हणाली, आठव."

लव्हॉन विचारात पडली. "म्हणाली... म्हणाली, 'अगं बाई, वेगळंच आहे हो.'" आणि तिचा हात तोंडाकडं गेला. "अरे देवा."

"घरी जाऊन रडली. मला म्हणाली, पोरीला सांगशील तर याद राख, तिनं प्रेमानं केलंय." तो पुढं म्हणाला, "सांगायला हवं होतं ग. मीही रोज इथं बसून फुलं बघत होतो."

"आणि मी रोज तुम्हाला आणखी वाढू का विचारत होते!" लव्हॉन रडत होती की हसत होती ते मला खालून नीट दिसेना. "बाबा, एकदा म्हणायचं तरी!"

"आत्ता म्हटलं."

गॅरेजमध्ये तारेचा ब्रश होता. व्हर्लिन घासायला लागला, तेवढ्यात लव्हॉननं त्याच्या हातातून ब्रश काढून घेतला. "मी लावलाय, मीच काढते." तिच्या लाल फुलांचा भुगा तिच्याच कोटावर पडत होता. एकेक कळी काढताना ती क्षणभर थांबायची, मग जोर लावायची. मला दुखलं का? मित्रांनो, पाठ खाजवून मिळावी म्हणून इतकी वर्षं थांबलेल्याला हे विचारू नका.

"आई, वर्ग बुडला!" किर्स्टी दारातून ओरडली. "पास्टरना काय सांगू?"

"सांग, घरात राडा झाला."

मला धुतलं, पुसलं, डुकराची चरबी चोळून ओव्हनमध्ये तापवलं. मग चुलीवर आले. खिमा पडला आणि असा चर्रर्र आवाज झाला, की शेजारच्या गावात लोकांनी भूक लागली म्हणून चुली पेटवल्या. नव्या चरबीवर सगळंच थोडं जास्त चिकटलं. लव्हॉन म्हणाली, "करपलं वाटतं." व्हर्लिन पाव हातात घेऊन वाट बघत उभा राहिला, ताटात वाढायच्या आधीच.

त्या हिवाळ्यात तो एकेका बुधवारनं भरत गेला. डॉक्टरांच्या काट्यानं हळूहळू त्याची बाजू घेतली. शहरातली खोली दुसऱ्या कोणाला गेली. आता तो कॉफी पहिल्या विचारण्यालाच घेतो, आणि गावातली जुनी माणसं म्हणतात, व्हर्लिन म्हातारपणी उद्धट झाला.

तर मित्रांनो, जुन्या वस्तूला मान द्यायचा असेल तर तिला भिंतीवर चढवू नका, कामाला लावा. जुन्या माणसाला तर मुळीच टांगून ठेवू नका. त्याला काय हवंय ते विचारा, आणि पहिल्या "नको"वर उठून जाऊ नका. आणि बिडाची कढई धुतली की लगेच कोरडी करा, तेलाचा हात फिरवा. आत्ता माझंच बघा. जेवणं झालीत, किर्स्टी मला धुऊन ओलीच ओट्यावर ठेवून मैत्रिणीशी फोनवर गप्पा मारत बसलीये, आणि माझ्या पोटाला गंजाची खाज सुटायला लागलीये. गोष्ट ऐकलीत ना? मग बसलात काय? तुमच्यातलं जे कोणी जवळ असेल ते उठा, फडकं घ्या आणि मला पुसा बघू.