कुंपणाची साडी

पांडुरंग मास्तरला शोभाबाईच्या कुंपणातून मिळणार होतं ते असं: एक भरीत-पार्टी, पार्टीत शेठच्या मेहुण्याशेजारची बैठक, आणि बैठक जमली तर मिलच्या फोल्डिंग खात्यातून वर सरकायची वाट. जाणार होतं डॅमेज साड्यांचं एक गाठोडं, तेही मिलचं. असला सौदा सोडणाऱ्यांतला पांडुरंग नव्हता.

"घ्या वहिनी," गाठोडं ओट्यावर टाकत तो म्हणाला, "वांग्यांना साड्या नेसवा. मग डुकराची काय टाप आहे!"

"आणि बदल्यात?" शोभाबाईने विचारलं.

"बदल्यात काय, आपण काय परके? संक्रांतीच्या आधीच्या रविवारी भरीत करू. शेठच्या मेहुण्याने खानदेशी भरीत खाल्लेलं नाही. जन्म वाया गेला बिचाऱ्याचा."

"चालसे," मगन म्हणाला.

मगन म्हणजे शोभाबाईचा नवरा. मिलच्या रंगखात्यात होता आणि सुरतेकडे आल्यापासून कशालाही चालसेच म्हणत आला होता. पाळी बारा तासांची झाली, चालसे. पत्रा गळतो, चालसे. त्याच्या वाट्याचा रागही शोभाबाईलाच करावा लागे आणि ती तो मन लावून करी.

खोल्यांची रांग कडोदऱ्याच्या टोकाला होती. मागे मोकळी पट्टी, पट्टीपलीकडे चलथाणच्या कारखान्याला जाणारा ऊस, आणि उसात रानडुकरं. तोड सुरू झाली की फड आक्रसत येई, डुकरं उरल्यासुरल्या उसात दाटत आणि भुकेली झाली की बाहेर पडत. बाहेर पहिला वाफा शोभाबाईचा.

त्यातली वांगी बाजारातली नव्हती. प्लेगच्या साली अख्खी रांग गावी पळाली, तेव्हा अमळनेरकडच्या माहेरी मायने पदराची गाठ सोडून बी दिलं होतं. हिरवी, पांढऱ्या रेघांची, भरिताची वांगी. पुढच्या पावसाआधी माय गेली. भावांनी सगळ्या वावरात कापूस लावला. इकडे शोभाबाईने हौसेहौसेत होतं नव्हतं ते सगळं बी पेरून टाकलं, मागे चिमूटभरही ठेवलं नाही. आता कोपऱ्यातल्या एका झाडावर एक वांगं तिने बियासाठी राखलं होतं. ते पिवळं पडून झाडावरच पिकलं तर पुढच्या साली वांगी. नाहीतर मायचं बी संपलं.

मायचं आणखी एक तिच्याकडे होतं. आजारपणात नेसलेलं नऊवारी लुगडं. न धुतलेलं, पत्र्याच्या पेटीत. कधी कधी ती पेटी उघडून त्यात तोंड खुपसे. मिसरी, चुलीचा धूर, घाम. मगनला ठाऊक होतं. याबाबतीत मात्र तो चालसे म्हणाला नव्हता.

बांबू रोवून साड्या बांधल्या. शेजारणी म्हणाल्या, "शोभाची वांगी आपल्यापेक्षा बऱ्या साड्या नेसतात." खरंच होतं ते. उसाच्या बाजूची मोरपंखी साडी तर अशी की, तिच्यात खोट एवढीच, पदराजवळ हातभर जागेत छपाईच चुकलेली. वाऱ्याने सगळं कुंपण फडफडे आणि डुकरं लांबूनच फिरत.

पार्टीच्या दोन दिवस आधी शोभाबाई सकाळी मागे गेली आणि तिथेच थांबली. मोरपंखी साडी जागेवर नव्हती. त्या फटीतून आत येऊन डुकरांनी वाफा नांगरल्यासारखा उकरला होता. झाडं मुळासकट उलटी, वांगी अर्धवट चावून टाकलेली. डुक्कर पोटभर खातं आणि वर नासधूस करतं. माणसाची सवय. कोपऱ्यातलं बियाचं झाड तेवढं उभं होतं.

"हाई साडी कोनी सोडी लिधी?" ती ओरडली.

मगन दात घासत आला. "वारामा उडी गई व्हई."

"वारा गाठ सोडस का?"

मगनने बांबूकडे पाहिलं. गाठ नीट सोडवून सुतळी तिथेच लोंबत ठेवलेली होती.

दुपारी पांडुरंग आला. हळहळला. मग वाफ्यात वाकून दातांच्या खुणा नसलेली वांगी निवडायला लागला. "शेठच्या मेहुण्याला शब्द दिलाय हो. दहा-बारा माणसांचं भागेल. आणि ते कोपऱ्यातलं मोठं?"

"हात लावू नका."

"एका वांग्यासाठी एवढं?"

"मनी मायनं बी शे ते," ती घरच्या बोलीत गेली, तेव्हा पांडुरंग दोन पावलं मागे सरला. पिशवी मात्र भरलेलीच होती.

भरीत झालं. मेहुण्याने दोनदा वाढून घेतलं म्हणे. मगनला वांगी भाजायला बोलावलं होतं.

संक्रांतीला पांडुरंगच्या बायकोने, मालतीबाईने, हळदीकुंकू केलं. सगळी रांग जमली. शोभाबाई आत शिरली तर यजमानीणबाई मोरपंखी साडीत. छपाई चुकलेली जागा खांद्यावरच्या चुण्यांत चापून बसवलेली. पण पदराचं टोक चुरगळलेलं होतं, सुतळीच्या गाठीत महिनाभर आवळलेलं कापड चुरगळतं तसं.

"या शोभाबाई, तिळगूळ घ्या, गोड बोला."

शोभाबाईने पदराचं टोक बोटांत धरलं. "ही माझ्या कुंपणाची."

मालतीबाईचं हसू जरा हललं, पडलं नाही. "अहो, इतकी चांगली साडी डुकरांसमोर कशाला? आणलेली आमच्या ह्यांनीच ना? मी तिथे दुसरी बांधणारच होते."

"बांधली?"

"राहून गेलं, बाई."

"डुकरं आली, तरी राहूनच गेलं?"

कुंकवाचा करंडा हातात धरलेली बाई तशीच थांबली. कोणीतरी म्हणालं, "जाऊ द्या, सणाचं."

शोभाबाईने ताटलीतला तिळगूळ उचलला. "तिळगूळ मी घेते. गोड बोलणं तेवढं राहू द्या."

ती घरी आली तेव्हा मागच्या फडाचा शेवटचा तुकडा पेटवायची तयारी चालली होती. इकडे तोडीआधी ऊस पेटवतात. म्हणजे आज उरलीसुरली सगळी डुकरं बाहेर, आणि कुंपणाच्या फटीत नुसत्या काट्या खोचलेल्या.

"मास्तरकडे आणखी एक साडी मागू?" मगनने विचारलं.

"त्याच्याकडे? परत?"

"मग तुनी एखादी?"

तिने आपली पातळं हातात घेऊन खाली टाकली. रोज पिळून पिळून त्यांना साबणाचाच वास होता. आणि माय सांगायची, डुक्कर कापडाला भीत नाही, माणसाच्या वासाला भितं. म्हणून माय स्वतःचं अंगावरचं लुगडं बांधाला लावायची.

तिने पेटी उघडली. मगन म्हणाला, "ऱ्हाऊ दे." एवढ्या वर्षांत त्याने पहिल्यांदा कशाला तरी नको म्हटलं, आणि तेही चुकीच्या वेळी.

"बांबू धर," ती म्हणाली.

नऊवारीच ते. सगळ्या फटीला पुरून उरलं. मागे ऊस पेटला, काजळी उडाली आणि अंधार पडायच्या आत डुकरं बाहेर पडू लागली.

सकाळी वाफ्याबाहेरची माती खुरांनी तुडवलेली होती. खुणा लुगड्यापर्यंत आल्या होत्या आणि तिथून वळल्या होत्या. कोपऱ्यातलं वांगं पिवळं, अखंड, दवाने ओलं.

शोभाबाईने गाठ सोडली. लुगडं हातावर घेतलं, तोंडाशी नेलं. मग दुसरं टोक धरून हुंगलं. मग मधलं. जळक्या उसाचा वास होता, दवाचा होता. मिसरीचा नव्हता.

तर हिशेब असा. पांडुरंगला बैठक मिळाली, मालतीबाईला साडी, मेहुण्याला भरीत, डुकरांना वाफा. शोभाबाईला एक वांगं. आणि या सगळ्याची किंमत भरली ती एका म्हातारीने, जी इथे कधी आलीही नव्हती.

मगन दारात उभा होता.

"बादली आन," शोभाबाई म्हणाली. "आनि साबन."