जऊळक्याला गाडी पाहायला

धनसिंगने शेजारून फटफटी मागून आणली, तेव्हाच त्याच्या पोरांनी रडायला सुरुवात केली.

फटफटीवर बसायला मिळणार म्हणून रडणारी पोरं दुसरीकडे कुठे असतील असं वाटत नाही. पण शिरपूरजवळच्या ह्या तांड्यावर ती होती. चावी देताना शेजारचा मदनसिंग म्हणालाच, "धनसिंग, पोरं फिरायले चालली का मयतीले?" धनसिंगने हसून वेळ मारून नेली, पण आतून तो चांगलाच चिडला होता.

दर दिवाळीनंतर धनसिंग आणि त्याची बायको सोनीबाई ऊसतोडीला जायचे. पोरं तांड्यावरच्या भागिरथा म्हातारीजवळ राहायची, थेट उन्हाळ्यापर्यंत. जायच्या आदल्या दिवशी पोरांना कुठेतरी फिरवून आणायची धनसिंगची पद्धत होती. एका साली शिरपूरचं जैन मंदिर, एका साली वाशीमची बाग. पोरांचा जीव रमावा, एवढाच त्या भाबड्याचा विचार. यंदा मात्र मालेगावच्या अलीकडे संत्र्याच्या एका बागेची राखण त्याला मिळाली होती, तीही बारमाही. कुठे जायचंच नव्हतं! त्या आनंदात त्याने जऊळक्याला आगगाडी दाखवायचा बेत केला. पोरांना सकाळीच सगळं समजावून सांगितलं. पोरांनी ऐकून घेतलं आणि पुन्हा रडायला लागली. आज संध्याकाळपर्यंत पोरांना आपलं म्हणणं पटलंच पाहिजे, ह्या हट्टाने त्याने गाडीला किक मारली.

पाच वर्षांचा अमरदीप टाकीवर उलटा बसला आणि बापाच्या पोटाला त्याने जी मिठी मारली, ती जऊळका येईपर्यंत सोडली नाही. मधे बसलेल्या रंजीताने आईच्या पदराचं टोक आपल्या मनगटाला बांधून टाकलं होतं, तेही दोन गाठी मारून. अकरा वर्षांची घोडी, पण काय म्हणावं! स्टेशनाबाहेर सोनीबाई उतरायला गेली आणि मायलेकी दोघी एकमेकींना ओढत धुळीत आदळल्या. चहाच्या टपरीवरची माणसं खो खो हसली. सोनीबाईही हसली. रंजीताने आधी गाठ सुटली नाही ना ते पाहिलं.

फलाटावर बसून चौघांनी भाकरी आणि ठेचा खाल्ला. अमरदीप एका हाताने खात होता, दुसऱ्या हातात बापाचा सदरा होता. तेवढ्यात गाडी आली. फलाट थरथरला, आजूबाजूची पोरं टाळ्या पिटायला लागली. आणि आमचा हा पठ्ठ्या डोळे घट्ट मिटून उभा!

"डोये उघड बे! गाडी पाय, गाडी!"

"नाही पाहात."

"काहून?"

"मी पाह्यलं की तुमी जानार."

धनसिंगने त्याची हनुवटी धरून तोंड गाडीकडे वळवलं. पोराने डोळे आणखी आवळले. गाडी सुटली, डबे जायला लागले, आणि धनसिंगचा पारा चढला. पोराच्या पाठीत धपाटा बसला तेव्हा शेवटचा डबा फलाटाबाहेर गेला होता. अमरदीप रडलासुद्धा नाही. मारल्यावर लगेच स्वतःचीच लाज वाटून धनसिंग नळाकडे निघून गेला.

सोनीबाईने पोराला जवळ घेतलं. "सेवालाल महाराजाची आन खाऊन सांगतो, यंदा आमी कुठी जाऊन नाही राह्यलो."

"याडी, मागल्या साली बी तुनं आन खाल्ली होती," रंजीता आईला म्हणाली. "माह्या डोक्यावर हात ठेवला होता."

ठेवला होता, हे खरंच होतं. नळावर तोंड धुणाऱ्या धनसिंगने ते ऐकलं. आता खरं पटवायलाही आपल्याजवळ काही उरलं नाही, हे त्याला तिथे कळलं.

घरी आले तेव्हा दिवस मावळत होता. रंजीताने भावाला मांडीवर घेऊन थोपटलं. दमलेला पोरगा लगेच झोपला. त्याला हळूच खाली ठेवून ती उठली. तिने एक जुनं लुगडं पसरलं आणि त्यात एकेक वस्तू आणून ठेवायला लागली. दोन गोधड्या, आईचं लुगडं, बापाचा सदरा, फडक्यात गुंडाळलेला कोयता, तवा.

"थो झोपला हाय. आता निंगा तुमी," ती दबक्या आवाजात म्हणाली. "उठला की मी पाह्यतो त्याले."

"अवं माय, आमी जाऊन नाही राह्यलो," धनसिंग म्हणाला. "काय करू म्हंजे तुले खरं वाटीन?"

"हो बा, मले मालूम हाय." लहान पोराची समजूत काढावी तशी ती बोलली, आणि गाठोडं बांधायला बसली.

धनसिंगने गाठोडं सोडलं. तवा काढून चुलीवर नेऊन ठेवला. रंजीता उठली, तिने तवा उचलला आणि पुन्हा गाठोड्यात घातला.

"तिकडं भाकर कायच्यावर भाजसान?"