जास्तीचं लोखंड

“मागच्या चाकाखालचा वजनकाटा तूच वाच, लिंडसे. माझा चष्मा बिघडलाय बहुतेक.”

लिंडसे ट्रेझाइस शेडच्या गार फरशीवर आडवा झाला आणि विमानाच्या शेपटीखाली डोकं घालून त्याने आकडा वाचला. मग पुन्हा वाचला. व्हॉनने तळहातावर बॉलपेनने तिन्ही चाकांची बेरीज मांडली आणि शिट्टी वाजवली.

“हे दोन माणसांचं विमान नाही रे बाबा. दोघं बसलात तर पेट्रोल टाकायची सोय नाही. पेट्रोल टाकलंत तर एकट्यानेच जायचं, तेही उपाशीपोटी.”

व्हॉन पेन्रोज हा विमान क्लबाचा तपासनीस. घरी बांधलेलं विमान त्याच्या होकाराशिवाय जमीन सोडू शकत नसे. तसा दिलदार माणूस, पण वजनाचा विषय निघाला की सख्ख्या बापाचंही ऐकणारा नव्हता. त्याने पुढे वाकून इंजिनामागच्या नळ्यांवर बोटाच्या पेराने ठकठक केलं.

“ही बघ! इंजिन धरायला एवढी जाड नळी? हिच्यावर ट्रॅक्टर टांगता येईल. सीटांखालचा सांगाडाही तसलाच. कुठल्या महाभागाने केलंय हे वेल्डिंग?”

लिंडसेने नुसती मान वळवली. शेडच्या दारात खुर्ची टाकून त्याचा थोरला भाऊ मर्व्हिन बसला होता. उजवा हात मांडीवर पडलेला, कुणीतरी आणून ठेवल्यासारखा. व्हॉनने जीभ चावली.

“च्यायला,” दारातून मर्व्हिन म्हणाला.

त्यांच्या मूंटा गावाच्या आसपास असा शेतकरी नव्हता ज्याच्या अंगणात मर्व्हिनच्या हातची एखादी वस्तू नव्हती. नांगर, कुळव, धान्याच्या टाक्यांचे पाय. त्याने जोडलेलं लोखंड दुरुस्तीला परत आलं नाही, हीच त्याची जाहिरात. लिंडसेने शाळेची बस चालवत आयुष्य काढलं, लग्न केलं नाही, आणि बस सोडल्यावर मागच्या शेडमध्ये विमान बांधायला घेतलं. मर्व्हिन आधी पोट धरून हसला. दुसऱ्या आठवड्यात स्वतःचं वेल्डिंगचं यंत्र घेऊन हजर. आराखड्यात बारीक नळी दाखवली असेल तर म्हणायचा, “हे काढणारा कधी आपल्या रस्त्यावरच्या खड्ड्यांतून गेलाय का?” आणि जाड नळी लावायचा. लिंडसेने कुरकुर केली, पण जोराने कधीच नाही. दोघांनी मिळून विमानाने गावासमोरचं आखात ओलांडायचं, पलीकडे जेवायचं आणि संध्याकाळच्या आत परत यायचं, एवढाच बेत होता.

मग मर्व्हिनला झटका आला. उजवी बाजू लुळी पडली आणि बोलणंही गेलं. उरलं ते ‘हो’ आणि ‘नाही’, तेही उलटसुलट, आणि ‘च्यायला’. ते मात्र पहिल्यासारखंच खणखणीत. दर मंगळवारी त्याची बायको बेरिल त्याला शेडच्या दारात सोडून हिरवळीवर चेंडू घरंगळवायचा बोल्सचा खेळ खेळायला जायची. मर्व्हिन बसून बघायचा.

त्या दिवशी वजन केल्यापासून लिंडसेला चैन पडेना. काढायचं तर भावाचंच काम काढायला हवं होतं, आणि तो समोर बसलेला. म्हणून लिंडसेने बाकी सगळं काढायला घेतलं. गालिचा काढला. दारांच्या आतलं अस्तर काढलं. बॅटरी बदलली. आतला रंग खरवडला, आणि जिथे भोक पाडून चालेल तिथे भोकं पाडली. केलेलं काम पुन्हा तपासायचं, एक स्क्रू उचलून हातात तोलायचा, ठेवायचा, पुन्हा उचलायचा. जेवायला बसला तर उठायचा, उठला तर का उठलो ते आठवायचं नाही. त्याचं कुत्रंसुद्धा त्याच्या मागे फिरून कंटाळलं.

रविवारी बेरिलच्या टेबलावर त्याने मांस-बटाटा भरलेली पेस्टी बाजूला सरकवली.

“का रे? बिघडलीय?”

“नाही गं. वजन कमी करतोय.”

“कुणाचं?”

“माझं. मी उतरलो तर तेवढं विमानावरचं उतरलं.”

बेरिलने ताटली पुन्हा त्याच्यापुढे ढकलली. “तुझ्या अंगावर काढण्यासारखं आहे काय? हाडं काढणार आहेस? बस की एका जागी! आल्यापासून तीनदा खिडकीशी जाऊन आलास.” मग ती मर्व्हिनकडे बघून आवाज खाली आणून म्हणाली, “आणि याच्या पँटी मी दोनदा आत घेतल्यात. एवढीच वजनाची हौस असेल तर तो देतोय की उतरवून.”

मर्व्हिन डाव्या हाताने काटा धरून सलगमाचा तुकडा पकडायच्या खटपटीत होता. त्याने वर बघितलं नाही.

शेवटी लिंडसेने पोर्ट पिरी गावच्या एका वेल्डरकडून इंजिन धरणारी नवी बैठक करून घेतली. बारीक नळीची, आराखड्याबरहुकूम. बुधवारी जुनी काढली, सोमवारी नवी बसवली आणि जुन्यासारखाच काळा रंग मारला. जुनी बैठक पाण्याच्या टाकीमागे ताडपत्रीखाली ढकलली.

मंगळवारी मर्व्हिन खुर्चीवर बसलाच नाही. काठी टेकत टेकत विमानाच्या नाकाशी गेला आणि डावा हात आत घातला. बोटं सांध्यावरून एकदा फिरली, पुन्हा फिरली.

“नाही,” तो म्हणाला.

“काय नाही? तुझीच आहे ती. घासून रंग दिलाय फक्त.”

बोलता बोलताच लिंडसेला कळलं, आपण शाळेच्या बसमधल्या पोराशी बोलतो त्या सुरात बोललो. मर्व्हिन त्याच्याकडे बघत राहिला. शिवी आली असती तर बरं झालं असतं. ती आली नाही. तो वळला, उन्हात जाऊन भिंतीला टेकून उभा राहिला आणि बेरिलची गाडी येईपर्यंत तिथून हलला नाही.

पुढच्या मंगळवारी बेरिलची गाडी शेडवरून सरळ निघून गेली. त्याच्या पुढच्याही. लिंडसेने फोन केला.

“तो नाही म्हणतो,” बेरिल म्हणाली.

“त्याच्या नाहीचा अर्थ हो असतो कधीकधी.”

“या वेळी नाही. काय केलंस तू त्याला?”

“त्याचं काम काढलं.”

“ते तो मला पहिल्याच दिवशी हातवारे करून सांगून चुकलाय. काढायलाच हवं होतं, हे त्याला कळतं. दुसरं काय केलंस ते विचारतेय.”

फोन ठेवून लिंडसेने शेडमध्ये तीन-चार चकरा मारल्या. मग बोल्ट सोडवले, सीटांखालचा सांगाडा विमानातून ओढून बाहेर काढला आणि पिकअपमध्ये घातला. ताडपत्रीखालची जुनी बैठक घेतली, करवत घेतली, आणि तो भावाच्या घरी गेला.

मर्व्हिन व्हरांड्यात बसला होता. लिंडसेने सगळं त्याच्या पायांशी ठेवलं.

“ही तुझी. विमानावर आहे ती दुसऱ्याची. मी खोटं बोललो.” त्याने घाम पुसला. “आणि हा सांगाडा. आराखड्यात एक आहे आणि तू भलतंच केलंयस. यातली कुठली नळी भार घेते आणि कुठली उगीच आहे, मला कळत नाही. चुकीची कापली तर मी आखातात पडेन. तू सांग.”

मर्व्हिनने बराच वेळ सांगाड्याकडे बघितलंच नाही. पलीकडच्या बार्लीच्या शेताकडे बघत बसला. मग काठी उलटी धरली आणि मुठीने एका नळीवर टोला दिला. कान देऊन ऐकलं. दुसरीवर दिला.

“हो,” तो म्हणाला.

“हो म्हणजे कापू?”

“नाही! च्यायला!” आणि त्याने हाताने करवतीची खूण केली.

लिंडसे कापत गेला. मर्व्हिनने डावा पाय सांगाड्यावर दाबून धरला होता, हलू नये म्हणून. बेरिल चहा ठेवून गेली, तो तसाच निवला. उजव्या सीटखालच्या जास्तीच्या नळ्या एकेक करून निघाल्या. मग लिंडसेने करवत डाव्या बाजूला लावली, तर मर्व्हिनची काठी त्याच्या मनगटावर येऊन बसली.

“ही पण जास्तीचीच आहे. आराखड्यात नाही.”

मर्व्हिनने काठी काढली नाही.

लिंडसे खाली बसला आणि त्याने सांगाडा पहिल्यांदाच नीट पाहिला. डावी जागा चालवणाऱ्याची. तिच्या खाली तीन आडव्या नळ्या होत्या, एकावर एक, विमान आदळलं तर आधी त्यांनी दबावं अशा. वेल्डिंग इतकं सुबक, की बोटाला उंचवटाही लागू नये. उजवी जागा मर्व्हिनची. तिच्या खाली असलं काही कधी नव्हतंच. तिथे नुसतं जाड लोखंड होतं, सवयीने घातलेलं.

“हे कधी केलंस?”

मर्व्हिनने खांदा उडवला. एकच खांदा उडाला.

“व्हॉन ओरडेल.”

“च्यायला,” मर्व्हिन म्हणाला. हा शब्द व्हॉनसाठी होता, यात शंका नव्हती.

व्हॉन ओरडला नाही. त्याने नव्याने वजन केलं, डाव्या सीटखाली वाकून पाहिलं, त्या तीन नळ्यांवरून बोट फिरवलं. “दोघं जाऊ शकता. टाकी अर्धी भरून. पलीकडच्या काठाचं विसरा, इकडेच फिरून या.”

एकट्याने करायची चाचणीची उड्डाणं हिवाळाभर चालली. वारा पडलेल्या एका सकाळी व्हॉन आणि लिंडसेने मर्व्हिनला उचलून उजव्या जागेवर बसवलं. लुळा पाय आत घ्यायला बराच वेळ लागला. बेरिलने पट्टा आवळला, सैल केला, पुन्हा आवळला.

वर गेल्यावर लिंडसेची बोटं थांबेनात. “तो बघ बंदराचा धक्का! ते बघ, तुझ्या वेल्डिंगच्या दुकानाचं छप्पर! बेरिलचे कपडे वाळत घातलेले दिसतायत!” मर्व्हिनने एकदाही खाली पाहिलं नाही. त्याने डावा तळहात दोघांच्या मधल्या नळीवर पसरून ठेवला होता. डोळे मिटून, किंचित मान कलती करून, तो लोखंडाची थरथर ऐकत होता. वळणावर हात तिथे. गचका बसला तेव्हाही तिथेच. खाली उतरताना चाकं टेकली आणि विमान उड्या मारत गवतावर थांबलं, तेव्हा कुठे त्याने हात उचलून मांडीवर घेतला.

इंजिन बंद झालं. बेरिल गवतातून धावतच आली, दार उघडून आत वाकली.

“कसं दिसलं रे वरून? घर दिसलं का आपलं?”

मर्व्हिनचे ओठ हलले. शब्द आला नाही. त्याने पुन्हा तोंड उघडलं, कपाळावर शीर उठली. मर्व्हिनने वर काय केलं ते लिंडसेला ठाऊक होतं, सांगायचं सगळं वाक्य त्याच्या स्वतःच्या जिभेवर होतं. ते त्याने गिळलं. पट्टा सोडवायला गेलेला हातही त्याने मागे घेतला. नाकाकडचं गरम लोखंड निवताना बारीक कडकड करत होतं. बेरिल दारात वाकून, लिंडसे आपल्या जागेवर, दोघंही मर्व्हिनच्या तोंडाकडे बघत थांबले. कुणालाच घाई नव्हती.